मोबाईलचा विमा : काही भाबड्या समजुती

आमच्या लोणीत (आंबेगाव तालुक्यातलं लोणी बरं का! लोणी काळभोर नव्हे, लोणीकंद नव्हे आणि प्रवरानगरजवळचं तर नव्हेच) विमा हा शब्द तीन वाटांनी आला.

पहिली वाट एलआयसीची. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते. पुढे आमच्यासारख्या मास्तर मंडळींच्या पगारातून दरमहा एक रक्कम कापली जायची आणि वीस-पंचवीस वर्षांनी बोनससकट परत यायची. पोरीच्या लग्नाला, नाहीतर घराच्या स्लॅबला. त्यामुळे माझ्या वयाच्या माणसांच्या डोक्यात विमा म्हणजे बचत, हे पक्कं बसलेलं आहे. दुसरी वाट पीकविम्याची. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळू लागला, २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. तेवढ्या काळात विमा म्हणजे सरकारकडून आलीच तर येणारी मदत, अशी दुसरी समजूत रुजली. तिसरी वाट मोटारसायकलची. तिथे विमा म्हणजे हवालदाराने अडवल्यावर दाखवायचा कागद! नुसता थर्ड पार्टीचा विमा असेल तर आपल्याच गाडीच्या मोडतोडीचा एक पैसाही मिळत नाही, हे निम्म्या लोकांना गाडी आपटल्यावर कळतं.

आता मोबाईलच्या दुकानात फोनबरोबर विमाही विकतात. हा विमा वरच्या तिन्हींपैकी एकाही साच्यात बसत नाही. पण आपण मात्र त्याला जुन्याच तीन साच्यांतून बघतो, आणि माझ्या मते सगळे घोळ तिथून सुरू होतात. यात अडाणीपणाचा काही संबंध नाही. आमच्या नात्यात इंजिनिअर आहेत, बँकेतले आहेत, त्यांच्याही समजुती याच.

(जाता जाता मास्तरकीची सवय म्हणून सांगतो. विमा हा शब्द फारसीतल्या ‘बीमा’वरून आपल्याकडे आला, आणि ‘हप्ता’ हाही फारसीच, ‘हफ्त’ म्हणजे सात, त्यावरून आठवडा. आठवड्याला द्यायचे पैसे म्हणून हप्ता. पुढे आपण तो महिन्याचा केला, वर्षाचा केला आणि गुंडांचाही केला. असो.)

सगळ्यात मोठी समजूत अशी की विमा काढला म्हणजे फोनला काहीही झालं तरी भरपाई मिळते. ‘काहीही’ हा शब्द दुकानदाराच्या तोंडी असतो, पॉलिसीत तो नसतो. पॉलिसीत कारणं लिहिलेली असतात. फोन पडून काच फुटली, पाण्यात भिजला, चोरीला गेला, अशी एकेक. तुमचं कारण त्या यादीत असेल तरच पुढचं बोलणं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. आता चाळिशीला आला आहे, कांदा आणि थोडी बाजरी करतो. आमच्याकडे शेतीची वीज बरेचदा रात्रीची, त्यात बिबट्याची धास्ती. त्यामुळे एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी पेटवून माणूस मोटर चालू करायला जातो. तसाच तो गेला, विहिरीच्या काठावर वाकला आणि मोबाईल निसटून थेट पाण्यात. पाण्यामुळे झालेलं नुकसान त्याच्या पॉलिसीत होतं, म्हणून गडी निश्चिंत. सकाळी भावाच्या फोनवरून कंपनीला कळवलं. पलीकडून उत्तर आलं, खराब झालेला फोन सेवा केंद्रात जमा करा. हा म्हणाला, फोन विहिरीत आहे. ते म्हणाले, मग तो हरवला असं धरावं लागेल आणि हरवलेल्या फोनची भरपाई तुमच्या पॉलिसीत नाही!

नशीब उन्हाळा होता, विहिरीत पुरुषभर पाणी. दोन पोरं उतरली, गाळ चाळला, तिसऱ्या दिवशी फोन हाती लागला. तो जमा केला, तेव्हा कुठे दावा पुढे सरकला. मला भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, विम्याचं पैसं घ्यायला विहिरीत उतरावं लागतं, ह्ये दुकानात कोण बोललंच नाय.”

मी हसलो खरा, पण विचार केल्यावर वाटलं, कंपनीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुटलेली वस्तू दाखवल्याशिवाय तुटल्याची भरपाई कोण देईल? चूक एवढीच की हे आधी मराठीत कोणी सांगितलं नाही. दुकानदार मराठीत विकतो आणि पॉलिसी इंग्रजीत येते, तीही ई-मेलवर, जो ई-मेल दुकानातल्याच पोराने उघडून दिलेला असतो आणि त्याचा पासवर्ड कोणाला आठवत नाही. मराठी माणसाला विकलेल्या विम्याचा कागद मराठीत मिळायला हवा, हे माझं ठाम मत आहे. त्यासाठी आरडाओरडा व्हायला हवा तेवढा होत नाही.

हरवणं आणि चोरी हा भेद तर आणखी घातक. आपण बोलताना सहज म्हणतो, “मोबाईल गेला.” गेला म्हणजे काय? एसटीत चढताना खिशातून कोणी काढला की सीटवर राहिला? पुष्कळ पॉलिसींत हरवलेला फोन बसतच नाही. काहींत चोरीसुद्धा तेव्हाच बसते, जेव्हा कुलूप तोडून, दार फोडून किंवा मारहाण करून फोन नेलेला असतो. गर्दीत अलगद खिसा मारला तर नाही. शिवाय पोलीस ठाण्यात गेल्यावर पुष्कळदा नोंद होते ती ‘मोबाईल गहाळ’ अशी. गहाळ! एका शब्दावर दावा फेटाळला जाऊ शकतो. चोरी झाली असेल तर ती चोरी म्हणूनच नोंदवून घ्या असं शांतपणे सांगावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत चोरीचं कलम ३०३ आहे. गुन्ह्याच्या नोंदीची, म्हणजे एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आणि कंपनीला कळवायची मुदत पॉलिसीतच बघावी. पीकविम्याचे ७२ तास आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ झाले आहेत, पण मोबाईलची मुदत त्याहून कमीही असू शकते.

पुढची समजूत पैशांची. अठरा हजारांचा फोन, म्हणून अठरा हजार मिळणार! विम्याचं जुनं तत्त्व असं आहे की नुकसान भरून द्यायचं, नफा करून द्यायचा नाही. वर्षभर वापरलेला फोन अठरा हजारांचा राहिलेला नसतो, म्हणून घसारा कापतात. वर प्रत्येक दाव्याला ठरावीक रक्कम आपण स्वतः भरायची असते. काही ठिकाणी पैशाऐवजी फोन देतात, तोही दुरुस्त करून नव्यासारखा केलेला. आणि काही पॉलिसी एका दाव्यानंतर संपतात. आता एलआयसीवाले माझे समवयस्क विचारतात, “फोन फुटलाच नाही तर हप्ता परत मिळतो का?” नाही हो! फोन फुटला नाही, हेच त्या हप्त्याचं फळ.

वॉरंटीविषयी थोडक्यात. वॉरंटी ही बनवणाऱ्याच्या चुकीसाठी असते, आपल्या हातून पडल्यासाठी नाही. ती पैसे भरून वाढवली तरी फक्त तिची मुदत वाढते. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दुकानात ‘प्रोटेक्शन प्लॅन’ नावाने जे विकतात ते दर वेळी विमा असतंच असं नाही. कधी तो नुसता दुरुस्तीचा करार असतो. विमा असेल तर त्यावर विमा कंपनीचं नाव आणि विमा नियामकाचा, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयचा नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर उद्या भांडण झाल्यावर विमा लोकपाल तुमची तक्रार ऐकणार नाहीत, थेट जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागेल. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

हे सगळं एक वेळ परवडलं. पण ज्या समजुतीने मला हे लिहायला बसवलं ती वेगळीच आहे. आमच्या ओळखीतल्या एका मजूर बापाने मुलीला कॉलेजसाठी हप्त्याने फोन घेऊन दिला. त्या कर्जातच विम्याचे पैसे मिसळलेले होते. चार महिन्यांत बसस्टँडवर फोन चोरीला गेला. बापाने सरळ हिशेब केला, की फोनचा विमा आहे, फोन गेला, म्हणजे आता उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडील. त्याने हप्ते थांबवले. दावा फेटाळला गेला होता, ते पत्र इंग्रजीत आलेलं, कोणी वाचलं नाही. वर्षाने त्याने गाय घ्यायला कर्ज मागितलं, तेव्हा सिबिल खराब आहे म्हणून अर्ज परत आला. पीककर्जाला सिबिलची अट घालू नका, असं राज्य सरकार बँकांना बजावत आलं आहे, पण गाईचं कर्ज काही पीककर्ज नव्हे. काही हजारांच्या फोनपायी घरात येऊ घातलेलं दूध थांबलं. कर्ज हा एक करार आणि विमा हा दुसरा. फोन राहो की जावो, हप्ते चालूच राहतात. हे त्या बापाला सही घेताना दोन वाक्यांत सांगता आलं असतं. विमा हवा का, एवढं तरी विचारायला हवं होतं की नाही?

मग विमा घ्यावा की नाही? माझं मत विचाराल तर दहा-बारा हजारांच्या फोनला घेऊ नये. समजा हप्ता हजार रुपये, दाव्याच्या वेळी पदरचे आणखी हजार, आणि मंचरला तीच काच अडीच हजारांत बदलून मिळत असेल, तर एवढी कागदपत्रं जुळवून वाचले पाचशे, तेही काच फुटलीच तर. त्यापेक्षा दीडशेचं कव्हर बरं. पण फोन महाग असेल, कर्जावर असेल किंवा त्याच्यावर रोजची भाकरी असेल (पुण्यात डिलिव्हरीचं काम करणारी आमच्याकडची पोरं आहेत, त्यांचा फोन बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद), तर जरूर घ्यावा. मात्र सहीआधी तीन प्रश्न विचारावेत : हरवला तर मिळेल का, खिशातून मारला तर मिळेल का, आणि माझ्या पदरचे किती जातील. उत्तरं तोंडी घेऊ नयेत, कागदावर बोट ठेवून दाखवायला लावावं. विमा कंपन्या लुटारू असतात असं सरसकट म्हणणारे आमचे एक व्याही आहेत. मला ते पटत नाही. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवावं. महिनाभरात समाधान झालं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं एक कार्यालय पुण्यातच आहे, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि विमा असो वा नसो, फोन चोरीला गेला की पहिला फोन विमा कंपनीला करू नये. आधी सिम बंद करावं, बँकेला सांगून यूपीआय थांबवावं. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० हा क्रमांक फिरवावा. मग पोलिसांत जावं आणि त्या तक्रारीच्या आधारे ‘संचार साथी’वर फोन अडवावा. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. अडवलेला फोन चोराला कुठल्याही सिमवर चालवता येत नाही. त्यासाठी आयएमईआय हा पंधरा आकडी क्रमांक लागतो. तो बिलावर असतो, किंवा फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो. आजच दाबा आणि घरातल्या सगळ्यांचे क्रमांक कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. परवा पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, “काका, बिलाचा फोटो काढून ठेवलाय की मी, मोबाईलमध्येच!”