उष्णता म्हणून सोडू नका

लघवीला जळजळ झाली की आपण बायका म्हणतो, ‘उष्णता झाली गं!’ मग धन्याचं पाणी, सब्जा. पण त्या जागी पाण्याने भरलेले बारीक फोड पुंजक्याने आले, फुटून दुखू लागले, कणकण आली, जांघेत गाठी आल्या, तर ती उष्णता नव्हे. ते जननेंद्रियाचं हर्पिस असू शकतं. नागीण वेगळी, हे वेगळं.

दोन ते चार आठवड्यांत फोड आपोआप सुकतात आणि बाई विसरून जाते. विषाणू मात्र मज्जातंतूत दडून राहतो, पुन्हा उठतो. म्हणून फोड ओले असतानाच, शक्यतो ३ दिवसांत डॉक्टरांना दाखवा. असायक्लोव्हिरच्या गोळ्यांनी त्रास लवकर आटोपतो. गरोदर असाल तर हे सांगायलाच हवं. बाळंतपणात बाळाला धोका असतो.

लोणावळा, वडगाव, कामशेतला ‘कुणी ओळखीचं भेटलं तर?’ ही धास्ती. मग लोकल धरून पुण्याला ससूनमध्ये जा. सरकारी सुरक्षा क्लिनिकात तपासणी, औषध मोफत असतं आणि नाव बाहेर जात नाही.

नवऱ्यालाही सोबत न्या. विषाणू लक्षणांविना वर्षानुवर्षं अंगात असू शकतो, तेव्हा आधी भांडण नको, तपासणी हवी.