आकाशातील वीज व एकलहऱ्याची वीज

मराठी भाषेने एका बाबतीत मोठीच काटकसर केली आहे. वळवाच्या ढगांत जी कडाडते ती वीज, आणि भिंतीवरील कळ दाबताच दिव्यात जी अवतरते तीही वीजच. संस्कृताने पहिलीला चपला, सौदामिनी, क्षणप्रभा अशी एकाहून एक सुंदर नावे दिली; आपण मात्र दोघींना एकाच नावाने हाक मारतो. शास्त्राच्या दृष्टीने पाहू जाता हीच हाक खरी आहे. १७५२ साली फ्रान्सातील मार्ली या गावी, फ्रँकलिनच्या सूचनेवरून उभारलेल्या उंच लोखंडी कांबीतून ढगांतील विजेच्या ठिणग्या काढून दाखविण्यात आल्या, आणि या दोघी एकाच जातीच्या आहेत हे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिचमन नावाच्या पंडितास असल्याच प्रयोगात प्राण गमवावा लागला, हेही येथे सांगितले पाहिजे.

जात एक खरी, परंतु स्वभाव? त्याची तुलना करावयाची तर नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्यापर्यंत जावे. गोदावरीच्या काठी तेथे कोळशावर चालणारे औष्णिक विद्युत् केंद्र आहे. त्यातील तीन संच प्रत्येकी २१० मेगावॉटचे. तिन्ही पूर्ण भाराने चालले तर दर सेकंदास सुमारे ६३ कोटी जूल इतकी ऊर्जा बाहेर पडते. आता आकाशातल्या एका चांगल्या सणसणीत विजेत किती ऊर्जा असते म्हणाल, तर शास्त्रज्ञ ती अदमासे १०० कोटी जूल धरतात. म्हणजे ज्या लखलखाटाने सारे घर दचकून उठते, तितकी ऊर्जा एकलहऱ्याचे केंद्र पुरत्या दोन सेकंदांच्या आतच निर्माण करते! आपल्या वीजबिलाच्या भाषेत बोलावयाचे तर ती २८० युनिटांच्या आतच भरते. त्यातलाही बहुतेक भाग उष्णता, प्रकाश व आवाज यांत उधळला जातो. तेव्हा आकाशातली वीज पकडून साठविली तर कोळसा जाळावयाची गरज उरणार नाही, असे जे कित्येक उत्साही गृहस्थ आम्हांस विचारतात, त्यांनी हा त्रैराशिकाचा हिशेब स्वतः करून पाहावा.

मग तिचा एवढा दरारा कशाचा? ऊर्जा बेताचीच, पण ती खर्च होते एका निमिषाच्याही अंशात, आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या हवेच्या नळीतून. साधारण घराच्या मीटरमधून ४०-५० अँपियरहून अधिक प्रवाह क्वचितच जात असेल. विजेत तो सरासरी ३०,००० अँपियर असतो. त्या नळीतील हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० अंशांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही पाचपटीहून अधिक उष्णता ध्यानात येईल. इतकी तापलेली हवा एकदम फाकते, आणि तोच गडगडाट.

ही सामग्री ढगात गोळा होते कशी, हे पाहण्यासारखे आहे. वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या मधल्या थरात, जेथे पाणी गोठणबिंदूच्या खालीही काही काळ द्रवरूप राहते, तेथे बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊसर गारा एकमेकांवर आदळत असतात. या घर्षणात स्फटिकांकडे धन भार जातो व गारांकडे ऋण. हलके स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातात, जड गारा मध्ये व खाली राहतात. आणि ढगाचे दोन विरुद्ध पक्ष पडतात. पुढे ऋण भाराची एक अंधूक वाट जमिनीकडे निघते. ती सरळ येत नाही. पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनी, क्षणभर थांबत, फाटे फोडीत, जणू अंधारात चाचपडत उतरते. ती जवळ आली की जमिनीवरून, झाडाच्या शेंड्यावरून, मंदिराच्या कळसावरून, क्वचित माणसाच्या मस्तकावरूनही वर जाणाऱ्या वाटा फुटतात. त्यांपैकी जिची गाठ पडते, तेथून प्रचंड प्रवाह सेकंदास सुमारे एक लाख किलोमीटर वेगाने वर धावतो. आपल्याला डोळ्यांनी दिसते ते हे परतीचे धावणे. वीज ‘पडते’ असे आपण म्हणतो, पण तिचा झगमगाट खालून वर चढत असतो. आणि एकाच वाटेने तीन-चार वेळा असे झाले म्हणजे वीज थरथरल्यासारखी दिसते.

लांबीच्या बाबतीतही ही चपला आपल्या कल्पनेस दाद देत नाही. २२ ऑक्टोबर १९१७ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१७ साली त्याच तारखेस, अमेरिकेत ढगांतून आडवी धावलेली एक वीज ८२९ किलोमीटर लांब असल्याचे जागतिक हवामान संघटनेने नोंदविले आहे. मुंबईहून निघून नागपूर मागे टाकावे, एवढे ते अंतर!

आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत आहे, आणि घरात कोणी पायाळू असला की ढग दाटताच वडील मंडळी त्यास माजघरात बसवितात. माजघरात बसविणे उत्तमच. पण तो न्याय घरातील सर्वांस लावावा. जन्मताना पाय आधी आले की डोके, याची विजेस वार्ता नसते. अमेरिकेतील रॉय सुलिव्हन नावाच्या वनरक्षकावर १९४२ ते १९७७ या काळात सात वेळा वीज पडली व तो सातही वेळा वाचला. डोंगरमाथ्यावर उघड्यात काम करणे हा त्याचा व्यवसाय होता, एवढे कारण पुरेसे आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतला ती सांगतो. भारत सरकारच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदीप्रमाणे २०२१ साली नैसर्गिक आपत्तींत ७,१२६ माणसे दगावली. त्यांतली २,८८० एकट्या विजेने. यांत शेतावरची माणसे फार. नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांदा काढणीस येतो नेमका चैत्र-वैशाखात, आणि वळवाचे ढगही तेव्हाच चढतात. कांदा भिजू नये म्हणून ताडपत्री ओढावयास घरची व गड्यांची माणसे धावतात, आणि सरी कोसळू लागल्या की बांधावरच्या झाडाखाली उभी राहतात. मृत्यू बहुधा तेथेच गाठतो.

पुष्कळांस वाटते की वीज थेट अंगावर पडली तरच मनुष्य मरतो. तसे नाही. थेट आघात शेकडा चार-पाचच असतात. झाडावर पडलेली वीज खोडावरून उडी मारून शेजारच्या माणसास गाठते. आणि सर्वांत अधिक, म्हणजे सुमारे निम्मे बळी, जमिनीतून पसरणाऱ्या प्रवाहाचे असतात. वीज जेथे शिरते तेथून दूर जावे तसा जमिनीतील विद्युत्-दाब उतरत जातो. दोन पावले अंतरावर टाकून उभे राहिले की एका पायाखाली दाब अधिक, दुसऱ्याखाली कमी; प्रवाह एका पायाने चढून दुसऱ्याने उतरतो. बैलाचे पुढचे व मागचे पाय तर किती लांब! २०१६ साली नॉर्वेतील पठारावर ३२३ रेनडियर एकाच वादळात मरून पडलेले आढळले, ते याच कारणाने.

तेव्हा झाड, उघडी कांदाचाळ, भिंती नसलेला पत्र्याचा मांडव, हे आसरे नव्हेत. पक्के घर किंवा काचा मिटलेली मोटार, हे खरे आसरे. घरातही नळ, खिडकीचे गज व तारेने जोडलेली यंत्रे यांपासून दूर राहावे. ज्यावर वीज पडली त्याच्या अंगात ती साठून राहत नाही; त्यास हात लावण्यास मुळीच भिऊ नये. श्वास वा नाडी थांबली असेल तर छाती दाबण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा व दवाखान्यात न्यावे. शेणात पुरून ठेवण्याची जी चाल काही प्रांतांत ऐकू येते, तीत अमोल वेळ जातो.

मुलांसाठी एक सोपा हिशेब. वीज चमकताच एक, दोन, तीन असे सेकंद मोजावे व गडगडाट ऐकू आला की आकड्यास तीनाने भागावे; तितके किलोमीटर वीज दूर. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर अंगणातला खेळ मोडून आत यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जाऊ नये.

एकलहऱ्याहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांचे मनोरे ज्यांच्या पाहण्यात येतील त्यांनी मान वर करून पाहावे. जाड तारांच्याही वर, अगदी शिखरावरून, एक-दोन बारीक तारा गेलेल्या दिसतील. त्यांतून कोणाच्याही घरी वीज जात नाही. त्या मनोऱ्यांच्या पायांतून जमिनीस जोडलेल्या असतात, आणि आकाशातली वीज आली तर ती आपल्या अंगावर घेऊन जमिनीत सोडून देणे एवढेच त्यांचे काम. शेतावरच्या माणसास अशी तार कोण देणार? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशभर संवेदक बसवून विजांचा माग ठेवण्याची योजना केली आहे, आणि तिच्या आधारे ‘दामिनी’ नावाची एक सोय मोबाईलवर फुकट मिळते. आपल्यापासून २० व ४० किलोमीटरांच्या आत वीज चमकू लागली की ती सूचना देते. ज्यांची मूळ गावी थोडीबहुत शेती आहे, त्यांनी ती गड्याच्या मोबाईलवर स्वतः बसवून द्यावी व वाचावयाची कशी तेही वैशाखापूर्वी दाखवून ठेवावे.