विश्लेषण : कॅथलिक शाळांची ओळख नेमकी कशात? भिंतीवरच्या क्रूसात की आरटीईच्या २५ टक्के जागांत?

आरटीई प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना अनेक पालकांना एक कोडे पडते. घरापासून हाकेच्या अंतरावर असलेली कॉन्व्हेंट शाळा यादीत दिसतच नाही. पोर्टल बिघडलेले नसते. ती शाळा ‘अल्पसंख्याक’ असते आणि अशा शाळांना २५ टक्के जागांचा नियम लागू नाही. ही सवलत कशासाठी? तर शाळेची धार्मिक किंवा भाषिक ओळख टिकावी म्हणून. मात्र १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने या सवलतीवरच प्रश्नचिन्ह लावले, तेही महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात. देशभरात सुमारे १४ हजार शाळा चालवणाऱ्या कॅथलिक चर्चसाठी हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा अवघड आहे.

सवलत आली कुठून?

धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने दिला आहे. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांमध्ये आरक्षणाची वाट मोकळी केली, पण अनुच्छेद १५(५) मध्ये अल्पसंख्याक संस्थांना बाजूला ठेवले. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळले. २०१४ मध्ये ‘प्रमती’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळले. म्हणजे फक्त २५ टक्के जागा नव्हेत, संपूर्ण कायदाच या शाळांना लागू राहिला नाही.

वर्गात ख्रिस्ती विद्यार्थी किती?

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, ख्रिस्ती शाळांतील सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. हजेरीपटावर कुलकर्णी, शेख, जाधव, जैन आणि मध्येच एखादी डिसोझा, हे चित्र ओळखीचे आहे. १९५८ मध्ये केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थेत बाहेरचे काही थोडे विद्यार्थी असणे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात प्रमाण उलटे झाले आहे. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने टक्केवारीची ठरावीक मर्यादा नाकारली, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने शाळा अल्पसंख्याकच राहते.

मग शाळेत ‘कॅथलिक’ काय उरते?

चर्चच्या कायद्यात याचे उत्तर सरळ आहे. कॅनन ८०३ नुसार चर्चमधील सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेला स्वतःला ‘कॅथलिक’ म्हणवता येत नाही. भारतात मात्र शाळेच्या आत काय करता येते, याला राज्यघटनेने कुंपण घातले आहे. अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणूनच अनेक शाळांत एकाच तासाला कॅथलिक मुले कॅटेकिझमला जातात आणि बाकीची मॉरल सायन्स शिकतात.

अलीकडे हे कुंपण आणखी आत सरकले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आसाममध्ये एका संघटनेने ख्रिस्ती शाळांतून येशू आणि मरियेच्या मूर्ती, क्रूस हटवावेत, धर्मगुरू आणि नन यांनी शाळेत धार्मिक वेश घालू नये, असा इशारा दिला. एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, संविधानाची उद्देशिका दर्शनी भागात लावा आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी म्हणवून घ्या, सर्वधर्म प्रार्थना कक्ष ठेवा, स्वातंत्र्यसैनिक, शास्त्रज्ञ आणि कवींच्या तसबिरी लावा, असे त्यात होते. यातले बरेचसे मुळातच योग्य आहे. पण ते इशाऱ्यांच्या सावटात लिहिले गेले, हेही लपत नाही.

ओळखीचा प्रश्न उलट बाजूनेही येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतील पल्लुरुथी येथे नन चालवत असलेल्या शाळेत एका विद्यार्थिनीच्या हिजाबवरून वाद झाला. शाळेने आधार घेतला तो गणवेशाच्या नियमाचा, धर्माचा नव्हे. स्वतःच्या ओळखीसाठी घटनेकडे बोट दाखवणाऱ्या शाळेला विद्यार्थिनीच्या ओळखीपुढे गणवेश पुढे करावा लागतो, ही विसंगती लोकांच्या लक्षात आली नसती तरच नवल.

खरी गोची २५ टक्क्यांची

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कोणाची घ्यावी हे सांगितले आहे. गरिबांची, कुटुंबाचा आधार नसलेल्यांची आणि ज्यांच्याकडे ख्रिस्ती श्रद्धा नाही त्यांचीही. म्हणजे चर्चच्याच कागदावर गरीब मूल हा शाळेच्या कामाचा गाभा आहे. आणि भारतात शाळेची ओळख जपणारी कायदेशीर सवलत नेमकी त्याच मुलाला प्रवेशाच्या यादीबाहेर ठेवते.

बालहक्क आयोगाच्या त्याच अहवालात अल्पसंख्याक शाळांतील सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थ्यांचे प्रमाण ८.७६ टक्के दिले आहे. हा आकडा सरकारी आयोगाचा आहे आणि सर्व अल्पसंख्याक शाळांचा मिळून आहे, त्यामुळे तो जपूनच वापरायला हवा. आदिवासी पाड्यांवरची मिशनची शाळा आणि शहरातली लाखभर फी घेणारी कॉन्व्हेंट यांची सरासरी काढून फारसे काही कळत नाही. पण शहरातल्या शाळांपुरता प्रश्न उरतोच.

संस्थाचालकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सोडतीतून मुले कोण येणार हे सरकारी यंत्रणा ठरवू लागली, तर उद्या शिक्षक आणि मुख्याध्यापकही तीच ठरवेल, असे त्यांना वाटते. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजला नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत जावे लागले होते, ते व्यवस्थापनातील अशाच हस्तक्षेपाविरुद्ध. शिवाय आरटीईच्या शुल्काची प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही, ही महाराष्ट्रातल्या इतर खासगी शाळांची ओरड ते रोज ऐकतात.

न्यायालय आता काय म्हणाले?

‘अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात मूळ प्रश्न होता शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा. न्या. दीपंकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांनी त्या ओघात ‘प्रमती’ निकालाच्या अचूकतेवरच शंका घेतली. सरसकट सवलतीमुळे कायद्यातून पळवाट म्हणून अल्पसंख्याक दर्जा घेतला जातो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांनी एक मधला मार्गही सुचवला. २५ टक्के जागांवर शाळेने आपल्याच समुदायातील दुर्बल घटकांची मुले घेतली, तर अल्पसंख्याक स्वरूपाला धक्का लागणार नाही.

कागदावर हा तोडगा नीटनेटका आहे. वसईसारख्या भागात तो चालूही शकेल, कारण तिथे ख्रिस्ती वस्ती दाट आहे. पण पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या प्रभागात तेवढी गरीब ख्रिस्ती मुले शाळेच्या परिसरात सापडणार का? न सापडल्यास जागा रिकाम्या ठेवायच्या की शेजारच्या वस्तीतल्या इतर मुलांना द्यायच्या? यावर न्यायालयाला स्पष्ट बोलावे लागेल.

हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवण्यात आले. तोवर अल्पसंख्याक शाळांतील शिक्षकांना टीईटीच्या सक्तीतून तात्पुरते बाजूला ठेवले गेले. २५ टक्के जागांबाबतही मोठे पीठ वेगळा निर्णय देत नाही, तोपर्यंत ‘प्रमती’च लागू. मात्र एखाद्या कॅथलिक शाळेने स्वतःहून काही जागा वस्तीतल्या गरीब मुलांसाठी, त्यांचा धर्म न पाहता, ठेवायच्या ठरवल्या, तर ‘प्रमती’ निकाल तिला अडवत नाही.