ड्रायव्हर पाहिजे

वडवणीत ड्रायव्हर मिळणं तसं अवघड नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या संसार ट्रकात टाकून कारखान्यांकडे निघतात, तेव्हा थोडी ओढाताण होते एवढंच. एरवी बीड-परळी रस्त्यावरच्या हॉटेलात दोन चहा होईपर्यंत बसलं, की कोणाचा तरी मेहुणा मोकळा सापडतोच. लॅपटॉपच्या ड्रायव्हरचं तसं नाही. तो चार-पाच वर्षं इमानानं नोकरी करतो आणि मग कंपनी त्याला असा गायब करते, की ठावठिकाणा सांगायला मेहुणाही उरत नाही.

हा ड्रायव्हर म्हणजे दुभाषी, बरं का. पडदा, आवाज, वाय-फाय यांची भाषा विंडोजला समजत नाही, ती हा समजावून सांगतो. लॅपटॉप अलीकडचा आणि विंडोज जुनी असली, की दुभाष्याशिवाय हे जोडपं नांदत नाही.

तुम्ही म्हणाल, जुनी विंडोज हवीच कशाला? आमच्या शेजाऱ्यांना विचारा. ते लग्नपत्रिका छापतात. त्यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या वळणाचं. विंडोज ७ वर ते मुकाट चालतं. दुसरीकडे तीच पत्रिका उघडली, की चि. सौ. कां. चा इंग्रजी अक्षरांत चिवडा होतो. ऐन लग्नसराईत त्यांचा संगणक वारला. त्यांनी जुन्या बाजारातून लॅपटॉप आणला आणि मी बँकेत संगणकासमोर बसतो म्हणून माझ्यापुढे ठेवला. मी बी.कॉम. आहे, हे गावात कोणी ऐकूनच घेत नाही.

विंडोज ७ आली २००९ साली. यूएसबी ३ चा दुभाषी तिच्याबरोबर आलाच नाही. त्यामुळे मधेच ती म्हणते, ड्रायव्हर द्या. ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह यूएसबीत आणि यूएसबीला हवा ड्रायव्हर! तिजोरीची किल्ली तिजोरीत. दुसऱ्या संगणकावर आधीच त्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये ड्रायव्हर कोंबून ही नदी ओलांडली, तर पुढे वाय-फाय. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर आणि इंटरनेट वाय-फायवर.

कंपनीच्या संकेतस्थळावर फक्त विंडोज १० चे ड्रायव्हर. फोन केला, तर एका गोड आवाजानं नवा लॅपटॉप घ्यायला सुचवलं. मग पिवळ्या उद्गारचिन्हावर टिचकी मारून यंत्राचा क्रमांक काढला : ८०८६. ही इंटेलची खूण, १९७८ च्या त्यांच्या चिपचा आकडा! चिपवाल्यांना पूर्वजाचा आकडा इतकी वर्षं जपता येतो. लॅपटॉपवाल्यांना काही एमबीची फाईल जपवत नाही.

जागा नाही म्हणाल, तर आमच्याकडे या. बँकांच्या दप्तर-जतनाचे १९८५ चे नियम आहेत. काही दप्तर ५ वर्षं, काही ८ वर्षं ठेवायचंच, मग खाली वाळवी असो की वर गळकं छप्पर. ज्यानं रोख मोजून लॅपटॉप घेतला, त्याच्या ड्रायव्हरला असा नियम का नसावा? आमच्या कपाटापेक्षा त्यांचं कपाट खचितच मोठं आहे.

सुरक्षिततेचं कारण देतात. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा आधार संपला, हे खरं. बँकेच्या काउंटरवर ती बसवा असं मीही म्हणणार नाही. पण इंटरनेटशिवाय पत्रिका जुळवणाऱ्या यंत्रावर कोण दरोडा घालणार? उलट कंपनीनं दार लावलं, की माणूस गल्लीबोळात शिरतो. तिथे ड्रायव्हरच्या नावाखाली काय काय गळ्यात पडतं, ते सभ्य घरात सांगण्यासारखं नाही.

आणि विंडोज १० वाल्यांनी हसू नये. तिचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला सुटला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलची चिप असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनची. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी आपल्या लॅपटॉपचे सगळे ड्रायव्हर आजच उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवावेत; एक घरात, एक मेहुण्याकडे.

शेजाऱ्यांच्या वाय-फायवर पिवळं उद्गारचिन्ह अजून आहे. पत्रिका मात्र छापून होताहेत.