ध्वनिलहरींना दरवान नसतो

नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो अनेक वर्षे चालला. पण तो थांबेपर्यंत मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले नाही. त्या आरंभानंतर पंचवीस वर्षांनी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतासह वर्षभरात घरोघर पोहोचली. ज्या पंचवटीत रामाच्या दाराशी माणसे अडवली गेली, त्या पंचवटीची कथा आता कोणालाही ऐकता येत होती. ध्वनिलहरींना दरवान नसतो.

आकाशवाणीच्या संध्याकाळचे सामाजिक मोल यातच आहे. पूर्वी कीर्तन देवळाच्या सभामंडपात होई, ख्यालगायन संस्थानिक-सावकारांच्या बैठकीत रंगे आणि संगीत नाटकाला तिकीट लागे. रेडिओने ही तिन्ही दालने एकाच संध्याकाळी खुली केली. भक्तिगीतामागून श्रुतिका येई, आणि १९५२ पासून देशातील थोर गायक-वादकांचे गाणे-वाजवणे अखिल भारतीय संगीत कार्यक्रमातून ऐकू येऊ लागले. संच व परवाना यांचा खर्च ज्यांना झेपत नसे, त्यांच्यासाठी गावाचा सार्वजनिक संच होता. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. अशा वस्तूची वाटणी बाजारावर सोपवू नये, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

मात्र ऐकण्याची समता म्हणजे बोलण्याची समता नव्हे. माहितीमंत्री बा. वि. केसकर यांच्या कारकिर्दीत अभिरुची सुधारण्याच्या नावाखाली चित्रपटसंगीताला दूर सारले गेले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, आकाशवाणी सत्ताधाऱ्यांचे मुखपत्र बनली. श्रोत्यांसाठी दार मोकळे असले, तरी ध्वनिक्षेपकापाशी पहारा होताच. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक ज्या आंबेडकरी गीतपरंपरेचे थोर शाहीर, त्या परंपरेला भजनाइतकेच हक्काचे स्थान मिळाल्याखेरीज ही संध्याकाळ सर्वांची झाली असे म्हणता येणार नाही.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. खाजगी वाहिन्या जाहिरातींवर चालतात आणि जाहिरातदाराला खरेदीची ऐपत असलेला श्रोता हवा असतो. वृद्ध शेतमजुराचे कीर्तन वा नवोदित नाटककाराची श्रुतिका त्याच्या हिशेबात बसत नाही. म्हणूनच सार्वजनिक प्रसारणाची जबाबदारी आज अधिक वाढली आहे. परंतु जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. तो जनतेच्या विरोधामुळे स्थगित करावा लागला. कपातीची कुऱ्हाड प्रादेशिक केंद्रांवर कशी पडते आणि ती अडवता कशी येते, या दोन्ही गोष्टी त्या घटनेने दाखवून दिल्या.

नाशिक आकाशवाणीच्या संध्याकाळी स्थानिक कीर्तनकार, जलसाकार, आदिवासी गायक आणि हौशी नाट्यमंडळी यांना नियमित वेळ व रास्त मानधन मिळावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी हाती घेतली पाहिजे. वीजपाण्याच्या मागणीपुढे ती किरकोळ भासेल. परंतु दिवसभर राबलेल्या माणसाच्या कानी संध्याकाळी कोणाचा आवाज पडावा, हाही लोकशाहीचाच प्रश्न आहे.