जिन्याच्या दिव्याला जोडा



सध्या लेकाकडे न्यू जर्सीला आहे. आल्याच्या तिसऱ्या दिवशी गॅसवर पापड भाजले आणि खिडकी उघडायची राहिली. मागच्या खेपेला एवढ्याशा धुरावर छतावरच्या पांढऱ्या डबीनं घर डोक्यावर घेतलं होतं. या वेळी चूं नाही की चां नाही. सुनेला विचारलं तर म्हणाली, "आई, ते आम्ही दिवाळीतच बंद केलं. रोज फोडणीला ओरडायचं."

बंद केलं म्हणजे काय, ते नातवानं तळघरात नेऊन दाखवलं. पॅनेलमधल्या एका ब्रेकरवर 'स्मोक' अशी चिठ्ठी होती आणि तो ब्रेकर बंद होता. बॅटऱ्यासुद्धा काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या. सहा महिने चार माणसं वरच्या मजल्यावर झोपत होती आणि कोणाला काही उणं भासलं नाही. भासणार कसं? त्या ब्रेकरवर दुसरं काही नव्हतंच. एक दिवासुद्धा विझला नाही.

योगायोगानं तळघरात खोली काढायचं काम निघालंय. त्याला परवाना लागतो, आणि परवान्याचं काम निघालं की अलार्मसुद्धा नव्या घरासारखे करून घ्या, असं घरबांधणीचा कोड सांगतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, कोडप्रमाणे अलार्मना स्वतंत्र ब्रेकर लागतोच. लेक मान डोलावत होता. मी मात्र त्याला म्हटलं, आधी नियम वाच.

वाचल्यावर बरंच कळलं. अलार्म कुठे हवेत हे नॅशनल इलेक्ट्रिकल कोडात नाही, ते घरबांधणीच्या आयआरसी नावाच्या कोडात आहे: प्रत्येक झोपायच्या खोलीत, त्या खोल्यांबाहेर, आणि तळघर धरून प्रत्येक मजल्यावर. वीज घराच्या वायरिंगमधून आणि जोडीला बॅटरी. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. त्यासाठी एका अलार्मपासून दुसऱ्यापर्यंत एक जादा तार जाते, बहुधा लाल. तळघरात रात्री वायर जळली तर वरच्या नातवाच्या उशाशी आवाज व्हावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईलच याचा भरवसा नसतो. आणि मध्ये बंद करायचं बटण चालत नाही, ब्रेकर तेवढा सोडून. स्वतंत्र ब्रेकरची सक्ती मात्र आयआरसीत कुठेच नाही. राज्यं आणि गावं आपापले बदल करतात, म्हणून लेकानं गावच्या बांधकाम कार्यालयात फोन करून खात्री केली. तिथंही सक्ती नाही.

माझं मत आता पक्कं आहे. अलार्म रोजच्या वापरातल्या दिव्याच्या सर्किटवर घ्या, बटणाच्या अलीकडून, म्हणजे दिवा मालवला तरी अलार्मची वीज चालू राहते. आमच्याकडे जिन्याचा दिवा ठरला. ब्रेकर कोणी पाडला किंवा आपोआप पडला, तर संध्याकाळी जिना अंधारात राहील आणि कोणीतरी चौकशी करेल. झोपायच्या खोल्यांना तिथं ठिणगी ओळखून पडणारा एएफसीआय ब्रेकर लागतो. तो कधीकधी विनाकारणही पडतो, म्हणून तर हे आणखी महत्त्वाचं. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं असं, की दिव्याच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला तर अलार्मची वीजही जाईल. खरं आहे. पण तेवढ्यासाठीच बॅटरी असते ना, ड्रॉवरमध्ये ठेवली नसेल तर!

सुनेवर मी रागावले नाही. तिचा त्रास खरा होता. जुना अलार्म आयोनायझेशन जातीचा, आणि शेगडीपासून जेमतेम आठ फुटांवर. या जातीला वीस फूट अंतर हवं, गप्प करायचं बटण असेल तर दहा. फोटोइलेक्ट्रिक जातीला सहा फूट पुरतात. म्हणजे दोष मोहरी-मिरचीचा नव्हता, डबी चुकीच्या जागी होती. पाणी गाळायचं फडकं भोक पडलं म्हणून आपण गाळणं सोडत नाही, फडकं बदलतो. मागच्या बाजूची तारीख पाहिली तर दहा वर्षं उलटून गेलेली, म्हणजे तसाही तो बदलायचाच होता.

नवे सगळे फोटोइलेक्ट्रिक येणार आहेत. देवघर वरच्या मजल्यावरच्या बोळात होतं, धूप अगदी अलार्मखाली लागायचा. ते आम्ही काल खाली पूर्वेच्या खिडकीशी हलवलं. मंगळवारी तपासनीस येणार आहे. तोवर बॅटऱ्या परत घातल्या आहेत आणि ब्रेकर चालू आहे. काल फोडणीला एकदा ओरडला. सुनेनं खिडकी उघडली, नातवानं टॉवेल हलवला, आणि सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली.