सापडलं कुठे, आणि तांबं कुठलं?

‘जिथे सापडलं, तिथलंच तांबं’ असं परवा एका व्याख्यानात वक्ते इतक्या सहज बोलून गेले की मला खुर्चीत बसवेना. याच समजुतीशी मी या सदरात कितीदा भांडलोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्नोत्तरांत मी सार्डिनियाचं नाव घेतलं. वेळ संपली म्हणून राहिलं, ते आज इथे सांगतो.

भूमध्य समुद्रातल्या या बेटावर तांब्याच्या स्वतःच्या खाणी आहेत. तिथल्या कांस्ययुगीन कारागिरांच्या बहुतेक वस्तूंमधलं तांबंही बेटावरचंच. पण त्याच बेटावर, वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्यासारख्या, चारही कोपरे बाहेर ओढलेल्या लगडी निघाल्या. ऑक्सफर्डचे नोएल गेल आणि झोफिया स्टोस-गेल यांनी त्यांतल्या शिशाचे समस्थानिक मोजले, तर तांबं निघालं सायप्रसचं! कोकणात गलबतानं नारळ आणून उतरवावेत, तसंच हे.

युरेनियम आणि थोरियमच्या क्षयातून शिसं तयार होतं. खनिज कधी, कशातून बनलं, त्यावर त्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण ठरतं आणि भट्टीत ते बदलत नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, उलुबुरुनला इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात बुडालेल्या जहाजात सुमारे १० टन तांबं होतं. एकेक लगड साधारण २४ किलोंची, आणि तीही सायप्रसचीच.

लगडीची साक्ष मी भांड्यापेक्षा मोठी मानतो. पुण्याच्या तांबट आळीत विचारा. कुणाचं घंगाळ, कुणाचा बंब, कुणाचा हंडा मोडीत येतो. एका मुशीत वितळला की तीन घरांचं तांबं एक होतं. मग खाण कुठली सांगणार? लगड मात्र खाणीच्या जवळची, बिनमिसळीची.

आता माझं जुनंच दुखणं. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली तांब्याचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले. चौघांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. तिथे तांब्याची खाण नाही. हे तांबं अरवलीतून आलं, असं माझं मन मला ठामपणे सांगतं. पण संग्रहालयाच्या फलकावर माझं मन चालणार नाही. सापडल्याच्या गावाखाली खाणीचीही एक ओळ हवी, आणि ती मोजूनच लिहायला हवी.